मराठीला गिऱ्हाईक नाही, हे ठरवलं कोणी?

मराठीत गेम काढून उपयोग नाही, कारण मराठी माणसाला हिंदी समजतं आणि शिकलेल्याला इंग्रजी. हे विधान मी गेमच्या धंद्यातल्या लोकांकडून ऐकलं आहे, डबिंगच्या क्षेत्रातल्यांकडून ऐकलं आहे आणि सगळ्यांत जास्त आपल्याच माणसांकडून ऐकलं आहे. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन विधानं येतात. आपली पोरं गोळीबाराचे नि गाड्यांचे गेम सोडून दुसरं काही खेळतच नाहीत, हे एक. आणि मराठीत असलं काही ऐकायला विचित्र वाटतं, हे दुसरं. तिन्ही चुकीची आहेत. ती चुकीची आहेत याचा पुरावाही जुना आहे: जपानमध्ये तयार झालेले गेम अमेरिका-युरोपात कसे पोचले, त्या चाळीस वर्षांच्या इतिहासात तो पडलेला आहे. आपल्याकडे जे बोललं जातं, ते शब्दशः तिथेही बोललं जात होतं. फक्त तिथे ‘मराठी’च्या जागी ‘अमेरिकन’ हा शब्द होता.

आधी इथलं चित्र. मी मीरा रोडच्या पेणकरपाड्यात राहतो. मूळचा आगरी पाडा, आता चाळी, इमारती, गाळे आणि पलीकडे धडधडणारा महामार्ग. संध्याकाळी ओट्यांवर आणि जिन्यांत पोरं फोन घेऊन बसलेली असतात. फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय असे गोळीबाराचे गेम, क्वचित एखादा गाड्यांचा गेम. आपसात ती मराठीत आरडाओरडा करतात, मध्येच हिंदी येतं, शेजारच्या गुजराती पोरासाठी तिसरीच मिसळण होते. यांच्यातल्या कुणाच्या हातात गोष्ट असलेला गेम आला की काय होतं, ते मी बारकाईनं पाहिलं आहे. पडद्यावर संवादाची चौकट येते, इंग्रजीत चार ओळी येतात, आणि अंगठा बटण दाबत सुटतो. चौकट गेली, पुढची आली, तीही गेली. गावातला म्हातारा काय सांगत होता, राजकन्या कुणाची, शत्रू शत्रू का झाला, यातलं काहीच पोचत नाही. मग गेम कंटाळवाणा वाटतो आणि पुसला जातो. उरतात ते गेम, ज्यांत वाचायचं काही नसतं.

आणि मग वडीलधारे म्हणतात, आजकालच्या पोरांना नुसती मारामारी आवडते.

ही आवड पोरांची आहे, असं मी मानायला तयार नाही. जी भाषा वाचताना अडखळायला होतं, त्या भाषेतली गोष्ट कुणीही टाळतो. आपण त्यांच्यापुढे ठेवलं काय, ते आधी पाहायला हवं.

आता तिकडचं बघू. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ साली जपानमध्ये आला. वाचायला भरपूर, गावोगाव फिरून माणसांशी बोलायचं, हळूहळू बळ वाढवायचं, असा तो गेम तिथे तुफान चालला. अमेरिकेत तो १९८९ साली ‘ड्रॅगन वॉरियर’ नावानं गेला आणि अपेक्षेइतका खपला नाही. शेवटी निन्टेन्डो कंपनीनं उरलेल्या प्रती आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना फुकट वाटल्या. यावरून निष्कर्ष निघाला: अमेरिकन मुलांना वाचायचे गेम नकोत, त्यांना उड्या मारायच्या असतात. मग कंपन्या हात आखडून वागू लागल्या. ‘फायनल फँटसी’चे दुसरा, तिसरा आणि पाचवा हे भाग त्या काळी तिकडे गेलेच नाहीत. चौथ्याला तिथे दुसरा म्हणायचं आणि सहाव्याला तिसरा, असा प्रकार झाला. सहाव्या भागाचं इंग्रजी टेड वूल्सी यांना साधारण एका महिन्यात करावं लागलं. तेही जपानी लिपीच्या मापानं आखलेल्या चौकटीत, कार्ट्रिजमध्ये जागा नाही म्हणून संवाद छाटत छाटत. आणि १९९७ साली ‘फायनल फँटसी ७’ आला, जाहिरातीवर पैसा लावून आला, आणि जगभर त्याच्या जवळपास एक कोटी प्रती गेल्या. त्यांत अमेरिका-युरोपचा वाटा मोठा होता. ज्यांना वाचायचे गेम नको होते असं ठरलं होतं, त्यांनीच तो घेतला. भाषांतर तेव्हाही धड नव्हतं, ठिकठिकाणी व्याकरण ढासळलेलं होतं. तरी लोकांनी रात्री जागवल्या.

‘फायर एम्ब्लेम’ची कथा मला जास्त बोलकी वाटते. १९९० पासून जपानमध्ये या मालिकेचे सहा भाग निघाले आणि त्यांतला एकही पश्चिमेत गेला नाही. दरम्यान, २००१ साली निन्टेन्डोच्या एका मारामारीच्या गेममध्ये या मालिकेतली दोन पात्रं पाहुणी म्हणून आली. तिकडची मुलं विचारू लागली, हे कोण? दोन वर्षांनी, २००३ मध्ये, सातवा भाग इंग्रजीत निघाला. आज ही मालिका निन्टेन्डोच्या ठळक मालिकांत मोजली जाते. तेरा वर्षं हा वाचक तिथेच होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

काही वेळा तर वाचकानंच काम अंगावर घेतलं. ‘मदर ३’ हा गेम जपानमध्ये २००६ साली आला, निन्टेन्डोनं तो इंग्रजीत काढला नाही. क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकारानं काही चाहत्यांना घेऊन दोन वर्षं खपून इंग्रजी मजकूर तयार केला आणि २००८ च्या ऑक्टोबरात तो फुकट दिला. पहिल्या आठवड्यात तो लाखाहून जास्त वेळा उतरवून घेतला गेला. निन्टेन्डोला हवं असेल तर आपलं सगळं काम विनामूल्य देतो, असंही त्यानं पुढे जाहीर केलं. अधिकृत इंग्रजी आवृत्ती अजून नाही. मागणी नव्हती, असं या उदाहरणात कुणी म्हणू शकेल का?

यावर एक अधिक सावध आक्षेप येतो. गेम त्यांच्या भाषेत द्यावा, पण तो त्यांच्या पचनी पडेल असा बदलून द्यावा लागतो, आणि एवढा खटाटोप मराठीसाठी कोण करणार? हा आक्षेपही तिकडे अजमावून झाला आहे. ‘पर्सोना’ हा ॲटलस कंपनीचा गेम १९९६ साली अमेरिकेत गेला तेव्हा जपानी शाळकरी मुलांना अमेरिकी नावं दिली, चेहरे बदलले, एकाला काळा अमेरिकन केलं, गाव अमेरिकेत नेलं आणि कथेचा एक मोठा भाग कापून टाकला. त्याच मालिकेचा चौथा भाग २००८ साली गेला तो जपानी खेड्यातल्या जपानी शाळेसकट. मुलं एकमेकांना ‘सान’, ‘कुन’, ‘सेन्पाइ’ म्हणतात तेही तसंच राहिलं, आणि मालिकेला पश्चिमेत खरा चाहता वर्ग मिळाला तो या वळणावर. सेगाच्या ‘याकुझा’चंही तेच. तोक्योच्या रात्रीच्या वस्तीवर बेतलेली ही मालिका. तिच्या तिसऱ्या भागातून २०१० च्या इंग्रजी आवृत्तीत माहजोंग नि शोगी हे खेळसुद्धा काढले, कारण परक्यांना त्याचं काय. पुढे २०१७ साली ‘याकुझा ०’ सगळ्या जपानीपणासकट गेला आणि चालला. कापणाऱ्यांनी वाचकाला कमी लेखलं होतं. मराठी मुलाला गेम द्यायचा तर नायकाला फेटा बांधायची गरज नाही. मुंबई-पुण्याचा देखावा घालायचीही गरज नाही. त्याला ओसाकाची गल्ली ओसाकाचीच दाखवा. फक्त तिथली माणसं काय बोलतात ते त्याला कळू द्या.

मराठीत हे घडलेलं आहे, गेममध्ये नसेल, पुस्तकांत घडलं आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलं, नॅशनल बुक ट्रस्टनं ते छापलं, आणि तोक्योतल्या त्या आगगाडीच्या डब्यांच्या शाळेचं नाव आपल्या शिक्षकांच्या तोंडी रुळलं. इंग्रजीत आहे की, हिंदीत आहे की, मराठीत कशाला, असा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता तर आपण त्याला काय उत्तर दिलं असतं? तेच उत्तर इथे लागू आहे.

आता ‘हिंदी समजतं ना’ या मुद्द्याकडे येऊ, कारण बाकी सगळे आक्षेप याच्या खांद्यावर उभे आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तेलुगू ८ कोटी ११ लाख, तमिळ ६ कोटी ९० लाख. संख्येत मराठी हिंदी आणि बंगालीनंतर तिसरी. तरीही जपानी चित्रपट नि मालिका भारतात येतात त्यांची यादी ठरलेली असते: हिंदी, तमिळ, तेलुगू. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, इतक्या भाषांत लागला. मराठीत नाही. पोकेमॉन गो या गेमनं २०२३ साली हिंदी आणलं. मराठी नाही. डबिंगचे कित्येक स्टुडिओ अंधेरी-मालाडच्या पट्ट्यात, म्हणजे मीरा रोडहून लोकलनं अर्ध्यापाऊण तासावर आहेत, आणि तिथे हिंदीला आवाज देणाऱ्यांत मराठी कलाकारांचा भरणा आहे. आवाज मराठी माणसाचा, शहर महाराष्ट्रातलं, आणि भाषा तेवढी वगळलेली.

तमिळ नि तेलुगूला जागा मिळते ती तिथल्या प्रेक्षकाला हिंदी येत नाही म्हणून. म्हणजे आपण दुसरी भाषा शिकलो, याची शिक्षा आपल्या भाषेला. हा हिशेब अन्यायाचा आहे आणि तो आपण मुकाट्यानं मान्य केला आहे. शिवाय तो हिशेब म्हणूनही खोटा आहे. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमध्ये तरुणांना इंग्रजी उत्तम येतं, आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं. तरी स्टीम या संगणकावरच्या गेमच्या सगळ्यांत मोठ्या दुकानाची पाटी नि मांडणी स्वीडिश, डॅनिश, फिनिशमध्ये मिळते. फिनिश बोलणारे साठ लाखही नाहीत, मुंबईच्या लोकसंख्येच्या निम्मे. तिथे ‘इंग्रजी समजतं ना’ हे कारण पुरलं नाही. समजणं आणि रमणं यांत फरक आहे, हे त्यांच्याबाबतीत सगळ्यांना मान्य आहे.

तांत्रिक अडचणींचा बाऊ केला जातो, त्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. अडचणी खऱ्या आहेत. देवनागरीत जोडाक्षरं आहेत, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चारात नंतर येते, आणि गेम बनवण्याची काही लोकप्रिय साधनं अक्षरं एकामागे एक नुसती मांडत जातात, त्यामुळे ‘किल्ला’ मोडून पडतो. पण हे सोडवणाऱ्या मुक्त प्रणाली आज उपलब्ध आहेत, तुमच्या फोनमध्ये मराठी संदेश नीट दिसतो तो त्यांच्यामुळेच. गोडो हे फुकट मिळणारं इंजिन २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून अशा लिप्या नीट मांडतं. दुसरी अडचण विभक्तीची. इंग्रजीत एकच साचा करून त्यात कुठल्याही वस्तूचं नाव टाकता येतं. मराठीत ‘घोडा’चा ‘घोड्याला’ होतो, ‘तलवार’चं ‘तलवारीनं’. साचा तसाच वापरला तर ‘घोडाला’ असं काहीतरी बाहेर पडतं आणि खेळणारा हसतो. तिसरी अडचण लिंगाची. खेळणाऱ्यानं मुलगी निवडली तर ‘मी आले’, मुलगा निवडला तर ‘मी आलो’. प्रत्येक संवाद दोनदा लिहावा लागतो.

या अडचणींपुढे हात टेकणाऱ्यांनी पोलिश भाषा बघावी. तिथे सात विभक्ती, आणि भूतकाळात बोलणाऱ्याचं लिंग क्रियापदात दिसतं, अगदी आपल्यासारखं. २०२० साली आलेल्या ‘सायबरपंक २०७७’मध्ये नायक बाई की पुरुष हे खेळणारा ठरवतो, आणि तो गेम पोलिशमध्ये पूर्ण आवाजासह आहे. फिनिशमध्ये तर पंधरा विभक्ती. ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं.

याची उलट बाजू कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. जपानी गेम इंग्रजीत नेताना भाषांतरकारांची जिथे सर्वाधिक दमछाक झाली, तिथे मराठीची वाट सरळ आहे. जपानीत समोरचा वडील की धाकटा, वरिष्ठ की जोडीदार, यावर क्रियापद बदलतं. इंग्रजीला एका ‘यू’मध्ये ते सगळं भागवावं लागतं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहेत, आणि पात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी येतं, एवढ्यातून मैत्री किंवा अपमान दाखवता येतो. थोरला भाऊ नि धाकटा भाऊ, थोरली बहीण नि धाकटी बहीण जपानीत वेगवेगळे आहेत. आपल्याकडे दादा आणि ताई आहेत. क्रियापद वाक्याच्या शेवटी, त्यामुळे संवादात शेवटच्या शब्दापर्यंत राखलेलं रहस्य मराठीतही शेवटपर्यंत राहतं. वाक्याच्या शेपटाला लागणारे जपानी छोटे शब्द बोलणाऱ्याचा स्वभाव सांगतात, आपले रे, गं, ना, की, बरं का तेच काम करतात. यातलं बरंच हिंदीतही आहे, मला ते नाकारायचं नाही. पण हिंदी आवृत्तीसुद्धा बहुतेकदा इंग्रजीवरून होते, आणि इंग्रजीत एकदा आदर-सलगीचा भेद पुसला गेला की पुढच्या भाषांतरकाराला तो अंदाजानं परत भरावा लागतो. पुण्यात कित्येक दशकं जपानी शिकवलं जातं आहे. तिथे शिकलेली माणसं कंपन्यांसाठी यंत्रांची माहितीपत्रकं आणि करारमदार भाषांतरित करतात, दुभाषे म्हणून राबतात. जपानीतून थेट मराठीत गेम आणू शकणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांना ते काम देणारं कुणी नाही.

मराठीत विचित्र वाटतं, हे म्हणणाऱ्यांशी माझं भांडण थोडं वेगळं आहे, कारण ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच विचित्र वाटतं. त्यांनी आजवर जे मराठी पडद्यावर पाहिलं ते इंग्रजीच्या मापानं घाईत बेतलेलं, कमी मोबदल्यात केलेलं, गेम न पाहता नुसत्या तक्त्यातल्या ओळी बघून लिहिलेलं असतं. ते वाईट आहे. पण वाईट इंग्रजीचं काय झालं, ते आठवा. ‘झिरो विंग’ नावाचा जपानी गेम १९९० च्या दशकाच्या आरंभी सेगाच्या यंत्रावर युरोपात गेला, आणि त्यातलं इंग्रजी इतकं मोडकं होतं की पुढे साऱ्या जगानं त्याची टिंगल केली. त्यावरून गेमसाठी इंग्रजी भाषा लायक नाही, असा निष्कर्ष एकाही माणसानं काढला नाही. भाषांतर वाईट आहे, एवढंच म्हटलं, आणि कंपन्यांनी चांगले भाषांतरकार नेमले. अलेक्झांडर स्मिथ यांनी ‘व्हेग्रंट स्टोरी’ला २००० साली जे इंग्रजी दिलं त्याचं कौतुक आजही होतं. आपण मात्र एक वाईट मेन्यू पाहून आख्ख्या मराठीला नापास करतो. ज्या भाषेत संगीत नाटकापासून वगापर्यंत आणि बालनाट्यापासून रहस्यकथेपर्यंत सगळे आवाज निघाले, तिच्यात राक्षस नि योद्धे बोलू शकत नाहीत, हे मला पटवून घेता येत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न: मराठी पोरं फुकटचं खेळतात, विकत घेत नाहीत. पोलंडबद्दल १९९० च्या दशकात नेमकं हेच म्हणत. वॉर्सातल्या बाजारात चोरीच्या सीडी उघड विकल्या जात. १९९४ साली मार्चिन इविन्स्की आणि मिखाल किचिन्स्की यांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली आणि १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा अवाढव्य मजकुराचा गेम संपूर्ण पोलिशमध्ये आणला. पिओत्र फ्रॉन्चेव्स्की यांच्यासारखा नामवंत नट निवेदनाला घेतला, खोक्यात नकाशा वगैरे ऐवज भरला. पोलंडची वस्ती तेव्हा चार कोटींच्या आत, २०११ च्या मराठी भाषकांच्या निम्म्याहून कमी. लोकांनी विकत घेतला, कारण चोरीच्या सीडीवर पोलिश नव्हतं. दुसऱ्याच्या गेमला आपली भाषा देताना त्या मंडळींना गेम कसा बांधतात ते आतून दिसलं, आणि २००७ साली त्यांनी स्वतःचा ‘द विचर’ काढला, पोलिश लेखकाच्या कथांवरचा. ब्राझीलमध्ये टेकटॉय कंपनीनं १९९१ साली जपानी ‘फँटसी स्टार’ पोर्तुगीजमध्ये आणला, आणि दुसऱ्या एका जपानी गेममधला नायक काढून तिथे ब्राझीलच्या कॉमिकमधली मोनिका घातली. तोही गरीब देश होता, तेही ‘परवडत नाही’ म्हणू शकले असते.

पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ काढून दाखवला, पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ‘इंडस’ आणला. बनवण्याची कुवत या राज्यात आहे. मराठी गोष्टीचा मोठा गेम मराठीत का नाही, असं त्यांना एकट्यांना विचारून चालणार नाही, कारण मराठीत वाचत वाचत खेळणारी पिढीच आपण घडू दिलेली नाही.

२०२५ साली मीरा रोडला भाषेवरून जे घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका दुकानदाराला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून निषेध केला, आणि ८ जुलैला मराठी माणसांचा मोर्चा निघाला. मारहाण मला मान्य नाही, तेव्हाही नव्हती. मोर्चातला संताप मात्र मला समजतो, कारण डावललं जाण्याचा अनुभव इथे रोजचा आहे. त्या संतापानं एक मागणी आणखी करावी, असं माझं म्हणणं आहे. दुकानाच्या पाटीवर मराठी हवी तशी पोरांच्या हातातल्या पडद्यावरही हवी. ती मागायला कुणाच्या अंगावर जावं लागत नाही. गेमच्या दुकानात शेरे लिहिता येतात, कंपन्यांना पत्रं पाठवता येतात, आणि एखाद्या गेमनं मराठी दिलीच तर तो विकत घेऊन दाखवता येतो. ‘झेनोब्लेड’ हा गेम अमेरिकेत न आणण्याकडे निन्टेन्डोचा कल होता, तेव्हा २०११ साली तिथल्या खेळणाऱ्यांनी ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची मोहीम काढली, पत्रं धाडली, आगाऊ मागणी नोंदवली. २०१२ च्या एप्रिलमध्ये गेम तिथे आला.

आणि राज्य सरकारकडे मागायची गोष्ट याहून ठोस आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स यांसाठी धोरण मंजूर केलं, तीन हजार कोटींहून मोठा आराखडा त्यात आहे. या पैशातून जो गेम महाराष्ट्रात बनेल किंवा महाराष्ट्रातून प्रसिद्ध होईल, त्यात मराठी मजकूर पहिल्या दिवसापासून असावा, भाषांतरकाराचं नाव श्रेयनामावलीत असावं, आणि त्याला गेम खेळून पाहायला मिळाल्यावरच मजकूर अंतिम व्हावा. बाहेरचे गेम मराठीत आणायला तयार असणाऱ्या प्रकाशकाला पहिल्या काही गेमच्या भाषांतराचा आणि आवाजाचा खर्च त्याच निधीतून मिळावा. मराठी चित्रपटाला अनुदान देताना त्याला आधी गिऱ्हाईक सिद्ध करून दाखव, असं आपण कधी म्हटलं नाही. गेमला तरी ते का म्हणायचं?